आमटीतली आंबुशी

आठ दिवस आम्ही सासू-सुना आंबुशीचं आंबट तण उपटत होतो. बंगळूरजवळ देवनहळ्ळीच्या मागं आमची दोन एकर जमीन. शेजारच्या शेतांचे प्लॉट पडून लेआउट झाले, तशी सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, नाचणी सोडून लॉनचं गवत लावलं. त्याचे गालिचे कापून बंगल्यांना जातात. त्यात आंबुशी दिसली की माल परत.

"तीन पानं, बदामाच्या आकाराची, पिवळं फूल," सासूबाईंनी, कस्तुरीआत्तींनी, मला दाखवून दिलं होतं. "शेंग तडकायच्या आत काढ गं नयना, न्हाईतर रानभर बी उडतंय. माती भिजव, मग मुळासकट वढ. कांडं राहिलं की पुन्यांदा फुटतंय."

उपटलेली आंबुशी चिंचेऐवजी आमटीत जायची. माझी तीन वर्षांची वेदिका तर बांधावर बसून पानंच चघळायची. म्हणून मामांना बजावलं होतं, तणाचं औषध मारू नका.

"सरी, सरी, न्हाई मारत. नातीच्या तोंडात जातंय, मी काय येडा हाय व्हय?"

आठव्या दिवशी दुपारी मी वेदिकाचं नाव घालायला अंगणवाडीत गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी रानात आलो. पोरगी बांधावर बसली, मी वाफ्यात वाकले. गवत हिरवंगार, आंबुशीचे देठ तेवढे पिळवटलेले. ऊन काही एकट्या आंबुशीला लागत नाही.

धावत जाऊन वेदिकाची मूठ उघडली. चुरगळलेली पानं. ओठ हिरवे.

"मामा, फवारलंत?"

"स्वल्पच गं, काल. उद्या टेम्पो येतोय. तुमची खुरपी कवा पोचायची?"

मी आत्तींकडं वळले. त्या खुरप्याची माती पुसत राहिल्या. तेव्हा आठवलं, रात्रीच्या आमटीत चिंच होती. आठ दिवसांत पहिल्यांदा.

"आत्ती, तुम्हाला ठाऊक होतं!"

"मला वाटलं, तू बघतीस की तिला. लई बघतीस."

रिक्षात वेदिकाला मांडीवर घट्ट धरून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिचं तोंड धुतलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. निभावलं. घरी आलो तर आत्तींनी गरम पाणी काढून ठेवलेलं, जणू काही झालंच नाही.

माल पास झाला. मामांनी पेढे वाटले.

आता जेवायला बसले की मी आधी आमटी चाखते. चिंच लागली, की वेदिकाला उचलून कडेवर घेते.