गाळलेली अकरावी ओळ

मित्रांनो, मी नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात बसणारी एक जुनी सूची आहे. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात मी असतेच. निळी रेघ म्हणजे नदी, काळी म्हणजे रेल्वे, असं सांगणारी ती छोटी चौकट. परीक्षेत तुम्ही मला शेवटच्या पाच मिनिटांत, घाईघाईने, पट्टी न लावता काढता, हे मला ठाऊक आहे. त्याचा राग आहेच. पण आज सांगणार आहे तो राग मोठ्या माणसांवरचा आहे.

माझा जन्म नागपुरात, लकडगंजातल्या एका ऑफिसात, संगणकावर झाला. खाली लाकडाची वखार, वर दुसऱ्या मजल्यावर खाणींचे आराखडे करणारं हे ऑफिस. दिवसभर करवतीचा आवाज, आणि खिडकी उघडली की कीबोर्डवर भुसा. शहरापासून दीड तासावर जमिनीच्या पोटात कोळशाची एक खाण आहे, तिचे नकाशे इथे होतात. कोळसा कुठे किती जाड आहे, कुठला काढून झाला, खडक कुठे तुटलेला आहे, हे सगळं सॉफ्टवेअरला माहीत असतं, पण आकड्यांत आणि शब्दांत. माणसाच्या डोळ्यांना ते दिसायला रंग लागतो. कशाला कोणता रंग द्यायचा, ते मी सांगते.

मला घडवलं अरुंधतीने. ती या ऑफिसात खाणीचं नियोजन करते. सॉफ्टवेअर आपली एक तयार सूची देतं, सगळ्या खाणींना चालणारी, म्हणजे खरं तर कोणालाच न चालणारी. अरुंधतीने ती बाजूला सारली आणि चार दिवस माझ्यापाशी बसली. पहिल्या दिवशी दीड ते दोन मीटर जाडीला एक रंग दिला आणि दोन ते अडीचला दुसरा. मग बरोबर दोन मीटरचा कोळसा कोणाचा? दोन्ही ओळी त्याच्यावर हक्क सांगायला लागल्या. ती कपाळाला हात लावून पुन्हा पहिल्यापासून बसली. दुसऱ्या दिवशी कळलं की खाणीला द्यायचे नकाशे ऑफिसातल्या ज्या प्रिंटरवर निघतात तो फक्त काळं-पांढरं छापतो, आणि त्यात माझा पिवळा व पोपटी दोघेही एकाच राखाडी रंगाचे होतात. पुन्हा खोडाखोड. शेवटी माझ्या एकवीस ओळी झाल्या. एकविसांत न बसणाऱ्या गोष्टींसाठी सॉफ्टवेअर स्वतःच खाली 'इतर' नावाची एक ओळ ठेवतं. तिच्यात काहीच उरलं नव्हतं, म्हणून अरुंधतीने तिला पांढरं ठेवलं.

त्या एकविसांत अकराव्या ओळीवर तिने सगळ्यांत जास्त वेळ घालवला. 'जुनी कामे, पाणी साठलेली.' कोळसा काढून सोडून दिलेल्या बोगद्यांत वर्षानुवर्षं पाणी साठत जातं. नवा बोगदा त्यापासून साठ मीटर तरी लांब ठेवावा लागतो. मधली कोळशाची भिंत फुटली तर पळायलाही वेळ मिळत नाही. म्हणून ती ओळ निळी होती, आणि निळ्यावर तिरप्या रेघा होत्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या छपाईतही ती चुकू नये.

ते माझे चांगले दिवस होते. माझं कौतुक करणारं माणूस मात्र एकच होतं, गणपतराव. ते खाणीवर ओव्हरमन होते, म्हणजे पाळीतल्या चौदा माणसांना खाली नेऊन सुखरूप वर आणायची जबाबदारी त्यांची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते नवा नकाशा न्यायला स्वतः यायचे. कागद हातात आला की नकाशाकडे न पाहता आधी माझ्या पहिल्या ओळीवर बोट ठेवायचे आणि एकेक करत खाली यायचे. मग मी बाहेर राहीन अशी घडी घालून कागद पिशवीत ठेवायचे.

"घरात शिरण्याआधी दारावरची पाटी वाचावी बाई," ते अरुंधतीला म्हणायचे. मला त्या दिवशी फार बरं वाटायचं.

बाकी सगळे कामापुरते मामा. 'सूची जरा सरकव', 'सूची बारीक कर', 'सूचीवर लोगो बसव.' माझ्या अंगावर लोगो! पण तेही मी सोसलं.

मग आलं विक्रम साहेबांचं सादरीकरण. हे ऑफिसचे प्रमुख. हुशार माणूस, पण नकाशा म्हणजे भिंतीवरचं चित्र असं मानणारा. बाहेरून एक समिती येणार होती आणि अरुंधती चुलत बहिणीच्या लग्नाला गेली होती. साहेबांनी नकाशा पडद्यावर लावला आणि तोंड वाकडं केलं.

"इतकी लंबी सूची कोण वाचते? अर्धा नकाशा तर हिनेच खाल्ला," ते स्वतःशीच म्हणाले.

आणि त्यांनी माझ्या वरच्या दहा ओळी ठेवून बाकीच्या उडवल्या. वरच्या दहा! आणखी एक ओळ खाली आले असते तर काय बिघडलं असतं? पण मी ओरडणार कशी? सॉफ्टवेअरनेही हूं की चूं केलं नाही. ज्यांना ओळ उरली नाही, त्या सगळ्यांना त्याने मुकाट्याने 'इतर'मध्ये ढकललं. 'इतर' पांढरी. कागदही पांढरा. पूर्वेकडचं सगळं जुनं पाणी एका क्षणात नकाशावरून नाहीसं झालं.

इथेच थांबले असते तरी निभावलं असतं. पण साहेबांनी ती कापलेली सूची माझ्याच नावाने, सगळ्यांच्या सामायिक फोल्डरात, माझ्याच जागी ठेवली. त्यामुळे खाणीचा प्रत्येक नकाशा माझ्या त्या लुळ्या रूपाने रंगायला लागला. समितीने चित्राची वाहवा केली. साहेब खूश झाले. माझी अवस्था मात्र सांगताही येत नाही आणि सोसवतही नाही अशी झाली. पुढच्या महिन्यात नवा बोगदा पूर्वेकडेच वळणार होता.

सोमवारी गणपतराव आले. अरुंधतीही त्याच सकाळी रजेवरून परतली होती. गणपतरावांनी कागद घेतला, बोट ठेवलं, खाली आले आणि दहाव्या ओळीवर थांबले. कागद उलटून मागे पाहिलं. चष्मा पुसला.

"साहेब, तिरप्या रेघांची ओळ कुठं गेली?"

विक्रम साहेब हसले. "गणपतराव, सूची छोटी केली. तुम्हाला तर सगळं तोंडपाठ आहे. तुम्हाला कशाला पाहिजे ती?"

"मले नाही पाह्यजे," गणपतराव शांतपणे म्हणाले. "ते पाणी मले मालूम हाये. त्या गल्ल्या बंद केल्या तवा मी तिथंच होतो. पण मी या एकतीस तारखेले रिटायर होऊन राहिलो. माह्या जागी नागसेन येऊन राहिला. त्यानं ते पाणी पाह्यलं नाही. तो हा कागद पाहीन, पूर्वेकडं पांढरं दिसन, अन् चौदा माणसं घेऊन जाईन तिकडं. मंग त्याले कोण सांगन?"

साहेबांचं हसू गेलं.

अरुंधतीने मला उघडलं. माझी अवस्था पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जुनी प्रत शोधली तर ती कुठेच नव्हती, कारण साहेबांनी कापलेली सूची माझ्याच नावाने ठेवली तेव्हा जुनी मी पुसली गेले होते. ती साहेबांवर चिडली, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

"चूक माझीपण आहे काका. 'इतर'ला मी पांढरं ठेवलं. तिथे कधी काही जाईल असं वाटलंच नव्हतं."

गणपतरावांनी पिशवीतून मागच्या महिन्याचा कागद काढला. घड्यांवर विरलेला, कोळशाच्या बोटांनी मळलेला. मी बाहेर राहीन अशीच त्याची घडी होती. ते एकेक ओळ वाचत गेले आणि अरुंधती मला पुन्हा भरत गेली. दोन ओळींचे रंग तिला काही केल्या आठवेनात, त्या काळ्या-पांढऱ्या कागदावर तर रंग नव्हतेच. ते तिने नव्याने निवडले. अकरावी ओळ आली तेव्हा गणपतराव म्हणाले, "इथं रेघा जरा जाड्या कर वं पोरी."

शेवटी अरुंधतीने 'इतर'ला भडक गुलाबी रंग दिला आणि त्यावर काळी जाळी टाकली.

"हे किती वाईट दिसून राहिलं," विक्रम साहेब म्हणाले.

"वाईटच दिसू द्या सर," ती म्हणाली. "यापुढे कोणी एखादी ओळ उडवली तर ती जागा सगळ्यांच्या डोळ्यांत खुपली पाहिजे."

साहेबांनी माफी मागितली असं मी म्हणणार नाही. पुढच्या सादरीकरणाला ते स्वतःसाठी वेगळी, छोटी सूची वेगळ्या नावाने करून घेऊन गेले, एवढं मात्र खरं.

गणपतराव एकतीस तारखेला निवृत्त झाले. मला वाटलं, संपलं, आता मला कोण विचारतो? मित्रांनो, त्या महिन्यात मी सगळ्यांवर रुसले होते, अरुंधतीवरसुद्धा.

पहिल्या सोमवारी नागसेन आला. तिशीचा, घाईतला माणूस, खाली मोटरसायकल चालूच ठेवलेली. त्याने कागद घेतला आणि जिन्याकडे वळला. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण दाराशी तो थांबला, कागद भिंतीवर टेकवला आणि माझ्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन. अकराव्या ओळीवर बोट थांबलं. तिथून ते नकाशावर पूर्वेकडे गेलं आणि जाड तिरप्या रेघांवर टेकलं. मग त्याने मी बाहेर राहीन अशी घडी घातली आणि खाली उतरला.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाती नकाशा येईल, तेव्हा आधी कोपऱ्यात पाहा. आणि जागा पुरत नाही म्हणून माझी एखादी ओळ गाळावीशी वाटली, तर त्या ओळीच्या भरवशावर खाली कोण गेलं आहे, ते आधी विचारा.