सुटी होणारी खोली

खोलीचे सगळे फलक सुटे करून पलंगावर रचले, तरी आतली शांतता दिवाणखान्यात उभीच राहिली. तिची लांबी, रुंदी आणि उंची माझ्या आराखड्यातल्याइतकीच होती. तिच्यात हात घालून चुटकी वाजवली, तर ती बोटांना कळे, कानांना कळत नसे.

इचलकरंजीतल्या आमच्या घराखाली आप्पासाहेब मगदुमांचा मागांचा कारखाना आहे. दिवसभर माग चालतात आणि ताटातली वाटी त्यांच्या ठेक्यावर सरकते. माझी पत्नी शैलजा अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते. परीक्षा जवळ आली होती आणि तिच्या प्रत्येक वाक्यामागे माग ऐकू येत होते. मी तंत्रनिकेतनात यंत्ररेखन शिकवतो, म्हणून ही खोली मीच आखली. प्लायवूडच्या दोन थरांत मागाखाली पडणारा सुताचा कचरा ठासला, कडांना दाबलेल्या लोकरीचा नमदा लावला. खिळा एकही नाही. सगळे नट हाताने फिरवायचे. घर लहान असल्याने काम झाले की खोली सुटी करून ठेवता यायला हवी होती.

"फळ्या निघाल्या, पण जागा अडलेलीच," शैलजा म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी त्याच शांततेभोवती फलक पुन्हा उभे केले. केसाचाही फरक पडला नाही. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आप्पासाहेब पाहायला आले. "सर, सोडून दाखवा की."

मी सोडून दाखवली. ते अभंग गुणगुणत शांततेतून चालत गेले. अभंग मध्येच तुटला आणि पलीकडे पुढच्या चरणापासून सुरू झाला.

"आमच्याकडं एक करून द्या," ते म्हणाले. "मी आत बसतो. मंडळी बाहेर बोलूदेत."

मग ते पाहुण्यांना घेऊन येऊ लागले. मी कधीच नाही म्हटले नाही. दर वेळी खोली सोडली की शांतता थोडी अधिक घट्ट होई. आधी ती हवेसारखी होती, पुढे ओल्या कापसासारखी झाली. शैलजा खांद्याने वाट काढत खुर्चीपर्यंत पोहोचू लागली.

"अहो, आता सोडू नका," ती म्हणाली. "शेवटचं प्रकरण राहिलंय. पोरं वाट बघतायत."

"नाही सोडत," मी म्हणालो.

दुपारी आप्पासाहेब जयसिंगपूरच्या व्याह्यांना घेऊन आले. "वहिनी आत हैत? असूदेत की. त्यांना कळणार बी नाही."

माझ्या कामाची याहून मोठी स्तुती कोणी केली नव्हती. मी नट सैल केले. फलक इतके अलगद निघाले की शैलजाने मान वर केली नाही. दिवाणखान्याच्या मधोमध ती वाचत होती. ओठ हलत होते. व्याह्यांनी मला हात जोडले.

खालून चहा आला. आप्पासाहेबांनी एक कप शैलजासमोर धरला. कप हवेवर आपटला आणि चहा हवेवरून सरळ रेषेत खाली ओघळला. मी गुण्या आणून जमिनीशी लावला.

"काटकोन बरोबर आहे," मी म्हणालो.

"ते असूदे सर. वहिनींना बाहेर घ्या."

शैलजाने पुस्तक मिटले, ती उठली आणि हवेवरून तळवा फिरवू लागली. मी बाहेरून सांधा शोधू लागलो. तो मी इतका नेमका बसवला होता की बराच वेळ मलाही सापडेना. अखेर एका जागी नख शिरले. नखामागे बोट गेले, बोटामागे मी. माझ्या पाठीमागे सांधा मिटला. नमदा लावलेल्या दारासारखा, आवाज न करता.

आत माग ऐकू येत नव्हते. चहाचा ओघळ आता पलीकडच्या बाजूला होता आणि त्यामागे आप्पासाहेब दोन्ही हातांनी हवा बडवत होते.

"शेवटचं प्रकरण झालं," शैलजा म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. रेकॉर्डर तिच्या हातात होता. "हे पोरांना पोचवायचंय. दार कुठे ठेवलंत?"

मी बोट दाखवले. दाराचा फलक बाहेर पलंगावर, सगळ्यांच्या वर, नीट पुसून ठेवलेला होता.