कादंबरीचा दुसरा भाग

शेवट सांगायचा न्हाई, हा माझ्या दुकानाचा कायदा हाय. पुस्तक कसं हाय, कुणाला आवडंल, ते विचारा. घसा कोरडा पडेस्तोवर सांगते. शेवट विचारला की मी तोंड फिरवते.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझं बाइंडिंगचं दुकान. पोरी गाईडं बांधायला येतात आन जाताना कादंबरी नेतात. मला विज्ञानाच्या जुन्या कादंबऱ्यांचा लई नाद, पण यंत्रं कमी आन माणसं जास्त असणाऱ्या. समजा एका गावात सगळ्यांना एकमेकांच्या मनातलं ऐकू येतं, तर तिथल्या सासू-सुनांचं काय होईल? असलं. जाड कादंबरी मी मधून कापते, दोन भाग करते आन वरून फिजिक्सच्या गाईडाचा पुठ्ठा चढवते. होस्टेलच्या बाईला पत्ता लागत न्हाई. पहिला भाग परत आणला की दुसरा मिळतो. न्हाईतर पोरी पुस्तकं दाबून बसतात, मी ओळखून हाय.

बारावीची रुद्राणी माझी सगळ्यात पक्की वाचणारी. किल्लारीकडची. भूकंपात सात वर्षांची होती. आई आन धाकटा भाऊ ढिगाऱ्यातच गेले. त्याला आता दहा वर्षं झाली. मागच्या आठवड्यात मी आपण होऊन तिला एक कादंबरी दिली, वाचच म्हणलं. मला वाटलं, ही कुणाला कळली तर हिलाच कळंल. त्यातली बाई यंत्रात बसून मागच्या काळात जाते, धरणात बुडालेल्या आपल्या गावात. पहिला भाग कुठं संपतो, तर ती आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसते आन म्हणते, मला आता परत जायचं न्हाई.

काल रुद्राणी दुकानात आली, रिकाम्या हातानं. "आपा, ती बाई परत येते का?"

"आधी पहिला भाग आण," मी म्हणलं. खेकसलेच. समोर गिऱ्हाईक होतं.

आज सकाळी तिच्या होस्टेलच्या पंचफुलाबाई दारात उभ्या. हातात मीच बांधलेलं गाईड.

"जोहराबी, हे तुमचंच ना? रुद्राणी गायब हाय. काल मार्क कमी पडले म्हणून तिला खालच्या बॅचला टाकलं, तवापासून जेवली न्हाई. हे गादीवर पालथं पडलेलं, शेवटच्या पानावर उघडं."

शेवटचं पान म्हणजे उंबऱ्यावर बसलेली बाई. पोरगी जुन्या गावाला गेली, हे कुणी सांगायची गरज न्हवती. भूकंपानंतर लोक नव्या गावात गेले. जुन्यात आता बाभळी, दगडं आन एक उघडी विहीर.

"तुम्ही इथं बसा, तिच्या बापाला फोन लावत राहा," म्हणलं. दुसरा भाग पिशवीत कोंबला आन काळीपिवळी जीप धरली.

औशाला ड्रायव्हर शिटा भरायला थांबला. मी त्याला असं झाडलं, की अर्धी गाडी रिकामी घेऊन निघाला मुकाट. मग मी दुसऱ्या भागाचं शेवटचं पान उघडलं. मला ठाऊक होतं, तरी वाचलं. ती बाई परत येत न्हाई. उंबऱ्यावरच बसून राहते, पाणी चढत येतं.

एवढी वर्षं पुस्तकं शिवत आले, एक पान कधी फाडलं न्हाई. ते फाडलं. चुरगाळून खिडकीबाहेर फेकलं आन मला काही वाईट वाटलं न्हाई.

गावात शिरल्यावर आधी विहिरीत डोकावले. हिरवं पाणी, त्यावर पाचोळा. दुसरं काही न्हवतं.

मग ती दिसली. घर न्हवतंच, उंबऱ्याचा दगड तेवढा उरलेला, त्यावर बसलेली. चपला नीट बाजूला काढून ठेवलेल्या. मी शेजारी टेकले. शिव्या घालायच्या ठरवून आले होते, एकबी तोंडाशी आली न्हाई.

"इथं कुणी मार्क विचारत न्हाई आपा," ती म्हणली. मग माझ्याकडं न बघता, "येते का ती परत?"

"येते."

"शपथ?"

"शपथ घ्यायला मी काय कोर्टात उभी हाय? येते म्हणलं ना. ऊठ."

ती उठली.

परतीच्या एसटीत तिनं दुसरा भाग मागून घेतला. मधली पानं उडवत, ओठ हलवत वाचत होती. औसा मागं पडलं तशी थांबली.

"आपा, शेवटचं पान न्हाई."

"जुनं पुस्तक हाय. गळलं असंल."

तिनं फाटल्या कडेवरून बोट फिरवलं. बाकी कागद पिवळा पडलेला, ती कड पांढरीधोप. पोरगी हुशार, त्यासाठीच तर बापानं लातुरात घातलेली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तिनं पुस्तक मिटलं.

"येते म्हणलात ना तुम्ही?"

"हाव."

लातूरची घरं दिसायला लागली तशी म्हणली, "आपा, होस्टेलात माझं जेवण ठेवलं असंल का?"