चाळीस मिनिटांची टोपली

गिरकीची जीभ तिच्या हातांइतकीच भराभर चालायची, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

लाँड्रीच्या मागच्या लांबट खोलीत नऊ बायका वेताच्या टोपल्या विणायच्या. त्यांत हिचे हात असे फिरायचे की खरं नाव मागे पडलं आणि गिरकी तेवढं उरलं. एके दिवशी संस्थेच्या मॅडम आल्या. हातात कायम पावतीपुस्तक, म्हणून त्यांना सगळ्या पावतीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. बायकांच्या कामाला रास्त मोबदला मिळावा म्हणून मोठा कार्यक्रम करायचा, देणगीदार बोलवायचे, वर्षभराचा निधी उभा करायचा, असा त्यांचा बेत होता. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "एका टोपलीला वेळ किती लागतो हो?"

"बाकीच्यांचं मला विचारू नका," गिरकी म्हणाली. "मी चाळीस मिनिटांत हातावेगळी करते. हवं तर घड्याळ लावून बघा."

"मग लावूच की! स्टेजवर मोठं घड्याळ आणि समोर तुम्ही. लोक बघत राहतील."

निघताना त्यांची नजर खिडकीशी बसलेल्या म्हातारीकडे गेली. ती गिरकीची सासू. मांडीवर फडकं, हातात आखूड सुरी, पायाशी सालींचा ढीग.

"आजी, तुम्ही काय करता?"

"मी? काही नाही. मी आपली बसलेली असते."

पुढचा आठवडाभर गिरकीचे पाय जमिनीला लागत नव्हते. मग चिठ्ठीचा नमुना आला. प्रत्येक टोपलीला बांधायची जाड कागदाची चिठ्ठी, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत छापलेलं: 'या टोपलीला लागलेला वेळ चाळीस मिनिटं. या वेळेचा रास्त मोबदला बाईच्या हाती पोचला आहे.' गिरकीने फोन लावला. पावतीबाई आनंदाने म्हणाल्या की कार्यक्रमात जो वेळ भरेल तोच छापायचा आणि त्यावरच वर्षभराचा दर बांधायचा. तासाचा दर चांगला होता, त्यात खोट नव्हती. पण चाळीस मिनिटांचे पैसे म्हणजे आत्ता एका टोपलीला मिळत होते त्याच्या निम्मेही होत नव्हते.

नऊजणींचं वर्षभराचं पोट, आणि तिने ते फुशारकीत घालवलं होतं.

"आता का गप्प?" जाऊ म्हणाली. ही जाऊ समोरच बसायची आणि टोमणा मारायची संधी कधी वाया घालवायची नाही. "मिळवलंस ना नाव? आता एक कर. स्टेजवर हळू विण. दोन तास काढ."

गिरकीने करून पाहिलं. हात मुद्दाम अडवला की वीण सैल पडायची. टोपली अशी वेडीवाकडी झाली की सगळ्या पोट धरून हसल्या, जाऊ सर्वांत जास्त. गिरकीला मात्र रडू येत होतं. "मला खोटं काम करता येत नाही," ती म्हणाली. "आणि खोट्यावर मिळवलेला दर टिकणार किती?"

दुसऱ्या दिवशी सासूबाई डोळे तपासायला दवाखान्यात गेल्या. खिडकीखालची जागा रिकामी होती आणि त्या रोज भरून ठेवायच्या ती सोललेल्या वेताची टोपलीही रिकामी. गिरकी स्वतःच सुरी घेऊन बसली. वेत सोलला. उभा चिरला, तर पट्ट्या कुठे जाड, कुठे पातळ. अर्ध्या फेकाव्या लागल्या. उरलेल्या कोमट पाण्यात घातल्या, उलटसुलट केल्या, मऊ झालेल्या वेगळ्या काढल्या. पुन्हा चिरायला घेतल्या तर बोट कापलं. जेवायची वेळ झाली तरी टोपलीचं बूडसुद्धा सुरू झालं नव्हतं.

कापलेलं बोट तोंडात धरून ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. अकरा वर्षं ती भराभर विणत होती, आणि ही बाई रोज आपली बसलेली होती! गिरकीला स्वतःची मनापासून लाज वाटली. मग राग आला, आणि त्या रागातच तिचं काय करायचं ते ठरलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. स्टेजवर घड्याळ, एक खुर्ची, आणि खुर्चीशेजारी तयार पट्ट्यांचा गठ्ठा. गिरकी आली ती सासूबाईंचा हात धरून. दुसऱ्या हातात न सोललेल्या वेताची मोळी, मागून जाऊ पाण्याचं घमेलं घेऊन.

"आणखी एक खुर्ची द्या, मॅडम," म्हणत तिने तयार गठ्ठा बाजूला सारला. "आई, बसा. सुरी घ्या. हं, आता लावा घड्याळ."

"अहो, पण कार्यक्रम चाळीस मिनिटांचा आहे!" पावतीबाई कुजबुजल्या.

"कार्यक्रम असेल. टोपली नाही."

म्हातारी सोलू लागली. पहिला तासभर लोकांनी कौतुकाने पाहिलं. मग पट्ट्या पाण्यात गेल्या आणि सभागृहात चुळबुळ सुरू झाली. काही जण उठून गेले. पावतीबाईंनी घड्याळाकडे हात नेला. "भिजेपर्यंत थांबवूया. आत्ता कुणी काही करत नाहीये."

"मग या वेळात आईंना घरी जाऊ द्याल?" गिरकीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. म्हातारी पाण्यात हात घालून एकेक पट्टी चाचपत होती. "नाही ना? मग चालू राहू दे."

पावतीबाईंनी हात खाली घेतला, पावतीपुस्तक मिटून पिशवीत टाकलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. नंतर फारसं कुणी उठलं नाही. शेवटी गिरकीने विणायला घेतलं आणि बरोबर चाळीस मिनिटांत कड बांधली. घड्याळात तीन तास वीस मिनिटं झाली होती.

पावतीबाई स्टेजवर आल्या. छापील चिठ्ठीवरचं 'चाळीस मिनिटं' त्यांनी पेनाने खोडलं आणि वर लिहिलं: 'तीन तास वीस मिनिटं. हात चार.' मग ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"वर्षभर हाच आकडा ना, मॅडम?" गिरकीने सर्वांसमोर विचारून घेतलं.

"हाच."

लोक टोपली बघायला वर आले. पहिल्या रांगेतला एक सुटाबुटातला गृहस्थ खाली वाकला. "आजी, आणि तुम्ही काय करता?"

म्हातारी सुरी फडक्याला पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"टोपल्या करते," ती म्हणाली. "तुम्ही?"