रविवारपर्यंत

"ओम, अरे सील आलं. शॉकअप तयार आहे तुझा," फोन उचलला गेल्याबरोबर वाल्मीक बोलून गेला.

पलीकडून एका मुलीनं विचारलं, "कोण बोलतंय?"

"मी वाल्मीककाका, नाशिकहून. सायकलचा पुढचा शॉकअपवाला चिमटा दिलाय त्यानं माझ्याकडं दुरुस्तीला. काल यायचा होता."

"मी त्याची बहीण, दीपमाला. काका, दादा गेला. शुक्रवारी. मोटारसायकलवर होता, हायवेला टेम्पोची धडक बसली."

फोन ठेवल्यावर वाल्मीकच्या लक्षात आलं, की आपण नुसतं 'बरं' म्हणालो.

सातपूरच्या एका कारखान्यात त्यानं तेवीस वर्षं हायड्रॉलिक सिलिंडर जोडले होते. २००२ साली कारखाना बंद पडला. दोन वर्षांनी बायको सगुणा गेली. मुलगी स्नेहल लग्न होऊन पुण्यात होती, ती रविवारी सकाळी फोन करायची. सिडकोतल्या दोन खोल्यांत तो एकटाच राहिला. तेल, सील आणि दाब याच गोष्टी त्याला कळत होत्या, म्हणून घरातच मोटारसायकलींचे शॉकअप दुरुस्त करू लागला. पुढं गिअरच्या सायकली घेणारी माणसंही त्याचा पत्ता शोधत आली. सामान दारात ठेवायची, पुन्हा दारातूनच घेऊन जायची. कधीकधी दोन-दोन दिवस त्याला कोणाशी बोलायची वेळ येत नसे.

ओम तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला, सायखेड्याहून एसटीनं, खताच्या रिकाम्या गोणीत सायकलचा चिमटा घेऊन. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा असेल. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होता आणि रोज सायकलनं जायचा. जुनी परदेशी सायकल त्यानं मुंबईहून आणली होती.

"कॅनॉलच्या कडेकडेनं जातो, काका. हाडं खिळखिळी होतात, पण हायवेला लागावंच लागत नाही," तो म्हणाला होता.

तो सामान ठेवून गेला नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बघत राहिला. वाल्मीकनं खालचे बोल्ट सैल केले, प्लॅस्टिकच्या हातोडीनं हलके ठोके दिले, नळ्या ओढून काढल्या. काळं पडलेलं तेल थाळीत उतरलं. ओम विचारत होता, हे कशानं झिजतं, ते कशानं गळतं. वाल्मीक सांगत गेला. चहा दोनदा झाला. त्यानंतर दर पाच-सहा महिन्यांनी ओम यायचा, आणि वाल्मीकला काम थोडं लांबवायची सवय लागली.

या वेळी दिवाळीनंतर तो आला तेव्हा तेल अडवणारं रबरी सील फाटलेलं होतं. नवं मुंबईहून मागवावं लागलं. ते बुधवारी सकाळी कुरिअरनं आलं, आणि दुपारी चारपर्यंत काम झालंही. गुरुवारी ओमचा फोन आला.

"झालं का काका? संध्याकाळी येऊन घेऊन जाऊ का?"

"अरे, सील आलंच नाही अजून," वाल्मीक म्हणाला. "तू रविवारी ये ना. सुट्टीच असते तुझी."

"बरं. मग अजून दोन दिवस मोटारसायकलच काढतो."

रविवारी वाल्मीकनं पोह्यांसाठी कांदा चिरून ठेवला होता. संध्याकाळी तो त्यानं आमटीत घातला.

तेरावा झाल्यावर तो चिमटा गोणीत बांधून सायखेड्याला गेला. ओमचे वडील भिमाजी पडवीत बसले होते. आई मालनबाईंनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. भिंतीला पुढचं चाक नसलेली सायकल टेकवलेली होती. हँडल दोरीनं बांधून ठेवलेलं.

"बसवून देतो," वाल्मीक म्हणाला.

भिमाजींनी सायकल धरली. वाल्मीकनं बेअरिंगला ग्रीस लावलं, चिमटा खालून वर सरकवला, हँडल सरळ केलं, चाक चढवलं, ब्रेक जोडला. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर पाना हातातच ठेवून तो म्हणाला, "एक सांगायचंय. हे काम बुधवारीच झालं होतं. तो गुरुवारी न्यायला येणार होता. सील आलं नाही असं मी त्याला खोटं सांगितलं. रविवारी ये म्हटलं."

"का?"

"गुरुवारी संध्याकाळी आला असता तर दारातूनच गेला असता. त्याला शेवटची गाडी गाठायची असायची. रविवारी जरा बसला असता."

भिमाजी चाकाकडं बघत राहिले. आत भांड्यांचा आवाज होत होता.

"त्याची आई आत हाय," ते हळू म्हणाले. "तिला नका सांगू."

"नाही सांगत."

वाल्मीकनं हत्यारं पिशवीत भरली. तो निघायला उठला, तेव्हा भिमाजींनी विचारलं, "तुमच्यासंगं काय बोलायचा तो?"

"काहीबाही. पॅकहाउसचं. शेताचं."

"घरी लय बोलायचा नाय. जेवायचा अन् झोपायचा." त्यांनी पडवीतली गोधडी हातानं सारखी केली. "शेताचं काय म्हनायचा?"

वाल्मीक पुन्हा खाली बसला. "विहिरीकडच्या अर्ध्या एकरात शेवंती लावायची होती त्याला. नाशिकला फुलबाजारात चौकशीही करून आला होता."

"मला नाय बोलला कधी."

"तुम्ही नाही म्हणाल, असं वाटायचं त्याला."

"नायच म्हनलो असतो," भिमाजी म्हणाले. "अजून काय बोलायचा?"

वाल्मीकला आठवत गेलं तसं तो सांगत गेला. मालनबाई चहा घेऊन आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्याच राहिल्या. तीनची गाडी गेली.

पाचच्या गाडीला सोडायला भिमाजी स्टँडपर्यंत आले. येताना त्यांनी सायकल बरोबर घेतली, पण चालवली नाही. दोघंही पायीच आले. गाडी आली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

गाडी वळताना वाल्मीकला खिडकीतून भिमाजी दिसले. रस्त्याच्या कडेनं सायकल हातात धरून घराकडं निघाले होते. खड्डा आला की थांबत होते, पुढचं चाक दोन्ही हातांनी उचलून पलीकडं ठेवत होते, आणि मग पुढं चालत होते.