चंदाबाईची कागदावरची कमाई

माझ्या पोटात आता उंदरांनी संसार थाटलाय, मित्रांनो. पण एके काळी पांढरकवड्याच्या कोर्टासमोर कडुनिंबाखाली बसणारा मी एक नावाजलेला टाइपरायटर होतो. कारखान्यातून निघालो तो नागपूरच्या दुकानात, आणि तिथून नीळकंठरावांच्या वडिलांनी मला एसटीच्या टपावरून इथे आणलं. त्यांच्यामागे नीळकंठरावांनी मला चालवलं. त्यांची बोटं अशी पळत की बघणारा बघतच राही. नीळकंठरावांच्या मशीनवरचा कागद कोर्टातून वापस येत नाही, असं लोक म्हणत आणि मी फुगून जाई. खोटं कशाला बोलू?

माझ्यात एक खोड होती. माझा 'म' ओळीच्या जरा खाली बसे. नीळकंठरावांतही एक खोड होती, आणि ती माझ्याहून वाईट. प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या शेवटी ते एक ओळ ठोकत : 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो खरा व बरोबर आहे.' वाचून मात्र कोणालाच दाखवत नसत. रांग लांब, ऊन कडक, लोकांना बस गाठायची घाई.

कापसाचे हाल झाले त्या वर्षातली ही गोष्ट. अळीने बोंडं पोखरलेली, भाव पडलेला, आणि त्या हंगामात सरकारी खरेदी केंद्रावर एका नावाचा ठरावीकच कापूस घेत होते. बंजारा तांड्यावरचा राजकुमार बायकोला, चंदाबाईला, घेऊन आला. अर्धा कापूस तिच्या नावाने घालायचा, म्हणून तिचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. नीळकंठरावांनी नेहमीचा मजकूर ठोकला : शेत मी स्वतः वाहते, माझे वार्षिक उत्पन्न चाळीस हजार रुपये. आकडा आदल्या कोणाच्या तरी कागदावरून उचलला. काय लिहिलं, असं चंदाबाईने विचारलं.

"तुले काय कराचं हाय?" राजकुमार म्हणाला. "नाव तुहं, कापूस आपलाच."

तिने अंगठा दिला. कापसाचे पैसे राजकुमारच्या खिशात गेले.

तीन वर्षांनी चंदाबाई पुन्हा आली, ती लेकीचा हात धरून. राखी सात वर्षांची होती. कोर्टातून घटस्फोट झाला होता, राजकुमारने दुसरी बायको केली होती, आणि राखी आईकडे होती. लेकीच्या खर्चासाठी बापाकडून महिन्याला आठशे मिळाले, तर चंदाबाईला ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं. नाहीतर दिवाळीनंतर राखीलाही ट्रकमध्ये बसवून न्यावं लागणार, आणि शाळा सुटणार.

आकडा कसा ठरतो, ते नीळकंठरावांनी तिला समजावलं. त्याचं काही छापील कोष्टक नसतं. कोर्ट बापाची कमाई बघतं, त्याच्या जिवावर किती माणसं आहेत ते बघतं, लेकराला काय लागतं ते बघतं, आणि आईची स्वतःची कमाई किती तेही बघतं. सगळं ताडून मग साहेब रक्कम ठरवतात.

"माही तं काहीच कमाई नाही," चंदाबाई म्हणाली. तिच्या जिवाला जरा बरं वाटलं.

मला मात्र तो चाळीस हजारांचा कागद आठवला. नीळकंठराव विसरले होते, मी विसरलो नव्हतो. पण मला बोट लावल्याशिवाय एक अक्षर उमटवता येत नाही. तिचा अर्ज मी मुकाट्याने छापला.

राजकुमारचं उत्तर महिन्याभरात आलं. ते वाचून घ्यायला चंदाबाई आमच्याकडे आली. नीळकंठराव चष्मा शोधत होते, तोवर दुसरीतल्या राखीने त्या उत्तराला जोडलेला एक कागद उचलला आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागली. चंदाबाई. माझे वार्षिक उत्पन्न. चाळीस हजार.

"याडी," ती आईला म्हणाली, "आपल्याजवळ चाळीस हजार हायेत? मंग आपण ऊस तोडाले काहून जाऊन राह्यलो?"

नीळकंठरावांनी कागद हातात घेतला. प्रत्येक 'म' खाली बसलेला. कागद आपल्याच मशीनचा, हे त्यांनी ओळखलं. हा आकडा माझाच, तुला वाचून दाखवला नव्हता, असं मी कोर्टात सांगतो, असं त्यांनी तिला कबूल केलं. मला वाटलं, सुटलो.

तारखेला चंदाबाई पायरीवर उभी राहून सारखी आमच्याकडे बघत होती. पुकारा झाला. नीळकंठराव उठले, पण दुसरे अर्जनवीस बघताहेत हे दिसताच पुन्हा खाली बसले. एकदा तोंडाने कबूल केलं तर उद्या कोण येणार त्यांच्याकडे? त्यांनी माझ्यात कोरा कागद सरकवला. मला त्या क्षणी मोडून पडावंसं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण मी नीट चाललो.

राजकुमारने आपली वर्षाची कमाई चौदा हजार दाखवली होती, वर म्हातारे आईबाप आणि नवी बायको. आईची कमाई कागदावर चाळीस हजार, आणि 'मला वाचून दाखवला' या ओळीखाली तिचाच अंगठा. राखीला महिन्याला दीडशे रुपये लागू झाले.

दिवाळीनंतर हायवेवर ऊसतोडीचा ट्रक थांबला. बोचक्यांवर राखी बसली होती. दुकानांच्या पाट्या ती मोठमोठ्याने वाचत होती, आणि ट्रक सुटला तरी तिचं वाचणं थांबलं नव्हतं. नीळकंठरावांनी मान वर केली नाही.

मित्रांनो, मी आता माळ्यावर पडून आहे. मला तेल नको, फडकं नको. तुम्हाला वाचता येतं ना? मग घरातल्या, शेजारच्या कोणाचाही अंगठा टेकण्याआधी तो कागद त्याला पुरता वाचून दाखवा. मोठं माणूस घाई करेल, रागावेल, तरी वाचा. राखीला वाचता आलं, पण तीन वर्षं उशिरा. ती पुढे तिसरीत गेली की नाही, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.