सोयरिकीचे शब्द

पिठाच्या डब्यावरचा फोन थरथरला, तसं झाकण खुळखुळलं. दुपारचं निवांत घर दचकलं. सुलक्षणाने कणकेचा हात पदराला पुसला. फोन सासऱ्यांचा होता.

"आबा, मेक्सिकोवरनं कुणीतरी आवाजात निरोप धाडलाय. बाई हाय."

हौसराव ओसरीवरून लगबगीनं आत आले. लेक इंद्रजीत रांजणगावच्या कंपनीतून तिकडं गेला आणि सूनबाई घरात बसून तिकडची स्पॅनिश शिकली, हे अर्ध्या तळेगावाला त्यांनीच सांगितलं होतं. "भाषा शिक, मग नेतो," असं इंद्रजीत जाताना म्हणाला होता. तीन वर्षांत, लेक अक्षदा शाळेत गेली की, सुलक्षणाने दोन वह्या भरल्या. लग्नाच्या धड्यावर तर ती आठवडाभर रेंगाळली होती: नवरी, अंगठी, सासरा, नणंद.

"लाव की."

आवाज तरुण होता, मधेच हसणारा; त्यातलं स्पॅनिश एकट्या सुलक्षणाला कळत गेलं. मी लुसिया, इंद्रजीतची होणारी बायको. नंबर त्याला न सांगता घेतलाय. सासरेबुवा, वीस तारखेला आमचं लग्न, तुमचा आशीर्वाद हवा. आणि नवऱ्यानं टाकलेली माझी नणंद तुमच्याकडं असते ना, तिला नमस्कार. तिच्या लेकीला, माझ्या भाचीला, अक्षदाला पापा.

सुलक्षणाने मळलेला गोळा पुन्हा मळायला घेतला.

"आपल्या अक्षदाचं नाव घेतलं बग! काय म्हंती?"

"कंपनीतल्या बाई हायेत, आबा. ह्यांचं काम बरं चाललंय म्हनत्यात."

"मग तूबी बोल की फाडफाड. शेजारच्या पोपटरावाला ऐकिवतो. लई मिरवतो सुनेचं बीएड!"

त्यांनी स्वतःच उलट निरोप बोलायचं बटण दाबून धरलं आणि फोन तिच्या तोंडाशी नेला. 'मी त्याची बायको आहे' हे वाक्य त्या भाषेत ती झोपेतही म्हणाली असती. आबांचा अंगठा बटणावर, डोळे तिच्या ओठांवर. फोनवरचे सेकंद पळत होते. चार. सात. अकरा.

"ग्रासियास," ती म्हणाली.

"बास? एवढंच?"

"आभार मानले, आबा. त्यांच्यात एवढंच म्हनत्यात."

"कंजूस मानसं," म्हणत ते पोपटरावांना हाका मारत बाहेर गेले. अंगणात तो हसरा आवाज पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला.

अक्षदा अंगणातून पळत आत आली आणि आईच्या पाठीला बिलगली.

"आई, माझ्या नावाआधी ती मला सोब्रिना म्हनली. सोब्रिना म्हंजी पप्पांची कोन गं?"